उसातली भीती आणि फ्लॅटमधली भीती

भीतीचा सिनेमा स्वस्तात होतो. एक घर, एक आडबाजूची जागा, चार-पाच नट आणि हातात धारदार काहीतरी घेऊन मागे लागलेलं कोणीतरी, एवढ्यावर भागतं. अमेरिकेत १९७८ साली आलेला 'हॅलोवीन' जेमतेम सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास झाला आणि खूप चालला. तेव्हापासून एकटी सापडलेली मुलगी, मागावर असलेला खुनी आणि शेवटपर्यंत टिकून राहणारी तीच, असा साचाच पडून गेला. आपल्याकडे रामसे बंधूंनी १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'पासून थोडक्या पैशांत हेच दुकान चालवलं. मराठीत महेश कोठारेंनी १९९३ साली 'झपाटलेला' केला, तो 'चाइल्ड्स प्ले' या इंग्रजी सिनेमावरून सुचलेला. रामदास पाध्येंचा तो तात्या विंचू बाहुला आठवतोय ना? पण तिथे लक्ष्या होता, त्यामुळे घाबरता घाबरता हसायला यायचं.

हसू न देता घाबरवणारा मराठी सिनेमा क्वचितच निघतो. म्हणून मैत्रिणींनो, विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'बद्दल लिहावंसं वाटलं. जुलै २०१७ मध्ये तो थिएटरात आला तेव्हा माझा राहून गेला. नंतर आमच्या डोंबिवलीच्या मंडळात टीव्हीवर लावून आम्ही वीसेक जणींनी एकत्र बघितला. दोघी-तिघी 'आम्ही नाही बाई' म्हणत होत्या, त्याच शेवटपर्यंत डोळे फाडून बसल्या.

गोष्ट साधी आहे. नेहा आठ महिन्यांची गरोदर. नवऱ्याने, म्हणजे तुषारने, कर्ज घेतलेलं, वसुलीवाले दारात. म्हणून दोघं ड्रायव्हर भाऊरावच्या गावी लपायला जातात. चहूबाजूंनी उभा ऊस आणि मधोमध एकच घर. तिथे भाऊरावची बायको तुळसाबाई नेहाची सगळी उस्तवार करते. मग नेहाला मुलांचे आवाज यायला लागतात, उसातून कोणीतरी दिसायला लागतं. पुढचं सांगत नाही, पण मुलीचा जन्म ज्या घराला नको असतो त्या घराची ही गोष्ट आहे.

पैसे कमी होते हे दिसतं, आणि गंमत म्हणजे तेच पथ्यावर पडलंय. महागडा सेट नाही, मग ऊसच सेट झालाय. पडकी हवेली नाही, लाल-हिरवे दिवे नाहीत. भर दुपारच्या उन्हात भीती वाटते. ज्यांचं माहेर सांगली-कोल्हापूरकडचं आहे त्यांना विचारा, डोक्यापेक्षा उंच उसात चार पावलं आत गेलं की दिशा कळत नाही, पानं अंगाला कापतात. ते या सिनेमाने अचूक पकडलंय. पूजा सावंतने आठव्या महिन्यातलं ते जड चालणं, धाप, उठता-बसता लागणारा आधार मनापासून केलाय. गरोदर बाई पळू शकत नाही! मागे कोणी लागलंय आणि पळता येत नाही, याच्यापुढे कुठलं भूत?

पण सिनेमा खरा उषा नाईक यांचा. त्यांची तुळसाबाई ओरडत नाही, डोळे वटारत नाही. ती खाऊ घालते, काळजी करते, गोड बोलते. आणि त्या गोडव्यानेच अंगावर काटा येतो.

उणिवाही आहेत. पार्श्वसंगीत फार मोठं. घाबरायच्या आधी दोन सेकंद 'आता घाबरा' असं सांगून टाकतं. मधला अर्धा तास तेच ते आवाज, तेच दचकणं. भूतकाळ उलगडतो तेव्हा इतका समजावून सांगितलाय की प्रेक्षकांवर भरवसा नव्हता की काय असं वाटतं. तुषार तर कागदावरच राहिलाय. अपराधात पुरुषही आहेत, पण घरी जाताना लक्षात राहते ती म्हातारीच, आणि 'बाईच बाईची वैरीण' हे पालुपद पुन्हा एकदा घट्ट होतं. सिनेमा संपल्यावर आमच्यातही पहिलं वाक्य तेच आलं.

माझी खरी तक्रार मात्र जागेबद्दल आहे. ऊस, आडगाव, अडाणी म्हातारी, शाप. शहरातला प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडून म्हणतो, असलं तिकडे होतं. तिकडे होतं हे खोटं नाही. सिनेमा यायच्या चारच महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. एक गरोदर बाई गर्भपातात दगावली म्हणून ते उघडकीला आलं. पण तिथे भूत नव्हतं, दवाखाना होता. महाराष्ट्राने लिंगनिदानावर १९८८ मध्ये देशात सगळ्यांच्या आधी बंदी घातली, केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ ला ९१३ मुली होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. हे काही फक्त उसातल्या घरांनी केलं नाही.

काही वर्षांपूर्वी कल्याण पूर्वेतली एक सून माझ्याकडे आली होती. पदवीधर, दोन बेडरूमचा फ्लॅट, पहिली मुलगी. दुसऱ्या वेळी सासूने डिंकाचे लाडू केले, नवऱ्याने रजा काढली, 'गावाकडे ओळखीच्या डॉक्टरांना एकदा दाखवून येऊ' म्हणाले. ती माझ्याकडे आली ती परतल्यावर, रिकाम्या पोटाने. कोणी मारलं का, धमकावलं का, विचारलं. म्हणाली, "नाही हो ताई, सगळे खूप प्रेमाने वागले."

तुळसाबाई बघताना मला तीच आठवत होती. भुतं काढून टाकली असती आणि हाच सिनेमा लिफ्ट असलेल्या इमारतीत घडवला असता, तर आमच्या मंडळातल्या बायका उशीत तोंड लपवून किंचाळल्या नसत्या, एकमेकींकडे बघायचं टाळलं असतं.

फुरियांनी २०२१ मध्ये हाच सिनेमा हिंदीत 'छोरी' नावाने केला, नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ यांना घेऊन, तो प्राइमवर आला. २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. 'छोरी' जास्त देखणा आहे. तरी मी मराठीच बघा म्हणेन, उषाताईंसाठी.

एक खुलासा मात्र करते, कारण त्या दिवशी चहा पिताना आमच्यातच गोंधळ झाला. गर्भपात हा सरसकट गुन्हा नाही. १९७१ पासून कायद्याच्या अटींत बसणारा गर्भपात बाईला करून घेता येतो. मुलगा की मुलगी ते तपासणं आणि मुलगी म्हणून पाडणं, हा गुन्हा. अशी तपासणी कुठे होतेय असं कळलं तर महापालिकेच्या आरोग्य विभागात या कायद्याचे समुचित प्राधिकारी असतात, तक्रार तिथे करायची. आणि ज्यांना दिवस गेलेत त्यांनी 'लपाछपी' बाळंतपण झाल्यावरच बघावा, तोही दिवसा.