दाबजोड, गळदोरीचा

गळाच्या जाड दोरीचे टोक गळ, फिरकी किंवा शिशाचे वजन यांना जोडताना गाठ न मारता मऊ धातूच्या आखूड नळीतून दोरी दुहेरी ओवतात व ती नळी खास पकडीने दाबून फास कायम करतात. अशा जोडास दाबजोड म्हणतात. व्यवहारात नळीला ‘स्लीव्ह’ किंवा ‘क्रिंप’ व क्रियेला ‘क्रिंपिंग’ ही नावे रूढ आहेत. दोरी, गळ व वजन ही कितीही मजबूत असली, तरी संपूर्ण साधनाचे बळ त्यातील सर्वांत दुर्बळ जोडाएवढेच असते. त्यामुळे हा लहानसा भाग मासेमारीत महत्त्वाचा ठरतो.

आवश्यकता : पूर्वी गळासाठी सुती, तागाची व रेशमी दोरी वापरीत. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले व त्यानंतर एकेरी तंतूची नायलॉन दोरी प्रचारात आली. मराठीत तिला तंगूस म्हणतात. बारीक तंगुसाला गाठ सहज बसते. सु. १ मिमी. व्यासाच्या, म्हणजे साधारणपणे ४५ किग्रॅ. ताण सोसणाऱ्या तंगुसापासून पुढे मात्र दोरी ताठ होत जाते व गाठीचे वेढे एकमेकांवर नीट आवळले जात नाहीत. शिवाय गाठीत दोरीला तीव्र वाक पडतो. वाकाच्या बाहेरील बाजूवर जादा ताण येतो आणि आवळताना घर्षणाने उष्णताही निर्माण होते. त्यामुळे गाठीपाशी दोरीचे बळ पुष्कळ घटते. चांगल्या दाबजोडात दोरी सरळ राहत असल्याने तिचे बहुतेक बळ टिकून राहते. पोलादी तारेला तर गाठ सहसा मारताच येत नाही.

कार्यतत्त्व : फासावर ताण आला असता तो फासाच्या दोन पदरांत विभागला जातो. मुख्य दोरीवर १०० किग्रॅ. ताण असेल, तर प्रत्येक पदरावर सु. ५० किग्रॅ. ताण येतो. मोकळ्या टोकाकडील पदरावरचा हा निम्मा ताण नळीने केवळ दाब व घर्षण यांच्या जोरावर धरून ठेवावयाचा असतो. नायलॉन ताणले असता लांब व त्याचबरोबर बारीक होते. म्हणून नळीच्या तोंडापाशी पकड प्रथम सैल होऊ लागते. नळी पुरेशी लांब असेल, तर आतील भागाची पकड कायम राहते. दाब कमी पडल्यास दोरी सरकते, तर अती झाल्यास ती चेपून बारीक होते व तेथेच तुटते. या दोन टोकांमधील योग्य दाब साधणे हेच ह्या कामातील कौशल्य होय.

नळी व पकड : तंगुसासाठी ॲल्युमिनियमची नळी वापरतात. ती मऊ असल्याने दोरीला कापत नाही. पोलादी तारेसाठी तांब्याची नळी श्रेयस्कर असते, कारण खाऱ्या पाण्यात पोलाद व ॲल्युमिनियम यांचा संपर्क आल्यास विद्युत्-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम लवकर झिजते. नळीचा छेद वर्तुळाकार, लंबवर्तुळाकार किंवा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असतो. शेवटच्या दोन प्रकारांत दोन्ही पदर एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसतात. दोन पदर किंचित घट्टपणे आत जातील एवढेच नळीचे माप असावे. पकडीचे जबडे गोलसर खाचांचे असून नळीच्या मापाशी जुळणारे असावेत. विजेच्या तारा दाबण्याच्या किंवा साध्या पकडीच्या धारदार कडांनी नळीला खोच पडते व आतील दोरी दुखावते.

कृती : प्रथम दोरीचे टोक स्वच्छ कापून नळीतून ओवतात. नंतर ते गळाच्या नेढ्यातून घेऊन पुन्हा नळीत घालतात. धातूशी घासून दोरी झिजू नये म्हणून फासाच्या भागावर प्लॅस्टिकची बारीक नळी किंवा धातूची अर्धगोल खोबण बसवितात. मोकळे टोक नळीबाहेर काही मिमी. ठेवून ज्योतीच्या आचेने त्याचा बारीक मणी करतात. नळीवर ताण येऊन दोरी सरकू लागलीच, तर हा मणी नळीच्या तोंडाशी अडतो. मुख्य दोरीला मात्र आच लागू देत नाहीत, कारण नायलॉन सु. २२० ते २६५° से. तापमानास वितळते व त्याआधीच दुर्बळ होते. यानंतर नळीचा मधला भाग दाबतात. दोन्ही तोंडांचा थोडा भाग न दाबता घंटेप्रमाणे रुंद राहू देतात, अन्यथा नळीची कडच दोरीला सुरीप्रमाणे कापते. शेवटी गळ पक्क्या खुंटीत अडकवून काट्याच्या साहाय्याने ताण देऊन जोड पारखतात. एकदा दाबलेली नळी पुन्हा वापरीत नाहीत. अतिमजबूत पॉलिएथिलिनाच्या विणलेल्या दोऱ्या गुळगुळीत असल्याने नळीतून सरकतात. त्यांना गाठ किंवा गुंफण हाच पर्याय असतो.

वापर : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारी मुख्यतः जाळ्यांनी होते. तथापि सुरमई, घोळ, मुशी व कुपा अशा मोठ्या माशांसाठी गळदोऱ्याही वापरतात. कुपा पकडण्याच्या लांबदोरी पद्धतीत एका मुख्य दोरीला शेकडो उपदोऱ्या असतात व प्रत्येक उपदोरीवर असे अनेक दाबजोड येतात. मुंबईत १९४६ मध्ये सुरू झालेल्या खोल समुद्रातील मासेमारी केंद्रातून पुढे भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण ही संस्था विकसित झाली. तिने ह्या पद्धतीने भारतीय समुद्रात सर्वेक्षणे केली आहेत.

धाराशिव (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तेरजवळील तेरणा, लोहारा तालुक्यातील माकणी येथील निम्न तेरणा व परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव हे येथील प्रमुख जलाशय होत. त्यांत मुख्यतः जाळ्यांनी मासेमारी चालते. कटला, रोहू यांसारख्या माशांसाठी गळ वापरल्यास अर्धा मिमी. व्यासाचे तंगूस व नीट आवळलेली गाठ पुरेशी होते. तेथे दाबजोड केल्याने लाभ नसून खर्च मात्र वाढतो. शिवडा व मरळ ह्या मांसाहारी माशांचे दात तीक्ष्ण असतात. त्यांच्यासाठी गळाजवळ वीतभर बारीक पोलादी तार घातल्यास तिला तांब्याची लहान नळी उपयोगी पडते. बुडीत क्षेत्रातील खोडे व दगड यांत गळ अडकतो, हे लक्षात घेऊन तारेचा जोड मुख्य तंगुसापेक्षा जास्त मजबूत नसावा. म्हणजे ओढताना केवळ गळ तुटतो व लांबच लांब तंगूस पाण्यात राहत नाही.

दोषांचे परिणाम : सदोष जोड सुटल्यास मासा गळ व दोरीचा तुकडा घेऊन निसटतो व अनेकदा मरतो. पाण्यात राहिलेले तंगूस सहजासहजी कुजत नाही आणि त्यात पक्षी, कासवे व मासे अडकतात. माणसालाही धोका असतो. ताणलेले नायलॉन एकाएकी सुटले, तर त्यावरील शिशाचे वजन वेगाने नावेकडे उसळते. लांबदोरी नावांवर अशा आघातांनी खलाशी गंभीर जखमी झाले आहेत व काही दगावलेही आहेत. जोड फार मजबूत असणे हेही सदैव हितकारक नसते. पोलादी तार चावून मुशीला सुटता येत नाही. म्हणून पश्चिम व मध्य पॅसिफिकमधील मत्स्यव्यवसाय आयोगाने उष्ण कटिबंधीय पट्ट्यातील लांबदोरी मासेमारीत अशा तारेच्या वापरास २०२४ पासून बंदी घातली आहे.

निगा : ॲल्युमिनियमावर पांढरी भुकटी दिसू लागल्यास, नळीला चीर गेल्यास किंवा तिच्या तोंडापाशी दोरी पांढुरकी व खरखरीत झाल्यास जोड कापून नवा करतात. ऊन व पाणी यांमुळे नायलॉनाचे बळ कमी होते. म्हणून मोठ्या माशाशी झुंज झाल्यावर व प्रत्येक हंगामाच्या आरंभी सर्व जोड बोटांनी चाचपून पाहणे इष्ट असते.