शेवटच्या चिमटीचा हिशेब

दिवाळीच्या फराळातले सर्वांत अवघड काम कोणते? पुष्कळ जणी चकलीचे नाव घेतील; माझे मत मात्र पाकाला. पाक कितीतरी वेळ नुसता रटरटत असतो, काही घडते आहे असे वाटतच नाही. आणि मग बघता बघता एकतारीचा दोनतारी, दोनतारीचा गोळीबंद! शास्त्रज्ञ अशा स्वभावाला ‘अरेषीय’ म्हणतात. दुप्पट कारणाला दुप्पट परिणाम, हा त्रैराशिकाचा सरळ न्याय तेथे चालत नाही.

मी पालघरला मराठी शिकवतो. तरी या विषयाकडे वळलो, त्याला कारण शेजारचे बोईसर. तेथील तारापूर औद्योगिक वसाहतीत रंग, औषधे, रसायने तयार होतात. त्यांचे सांडपाणी सामायिक केंद्रात शुद्ध करून नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. माझ्या वर्गात एका बाकावर कारखान्यातील कामगाराचा मुलगा बसतो, तर दुसऱ्यावर सातपाटी-मुरब्याकडच्या मच्छीमाराची मुलगी. दोघांच्याही घरची चूल एकाच पाण्यावर अवलंबून! या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती.

या पाण्याची पहिली परीक्षा असते आम्लतेची. सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली तिला ‘पीएच’ नावाची मोजपट्टी दिली. ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, वर अल्क. बाहेर पडणारे पाणी साधारण ६ ते ९ च्या दरम्यान असावे लागते. नाही तर घाण खाऊन पाणी स्वच्छ करणारे जिवाणूच आधी मरतात.

आता वाचकांनी पेन्सिल हाती घ्यावी. तीव्र आम्लाचे १००० लिटर पाणी आहे, पीएच २. ते पूर्ण उदासीन करण्यास सुमारे ४०० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पैकी ३६० ग्रॅम ओतले, तरी काटा जेमतेम ३ वर येतो. आणखी ३६ ग्रॅम ओतले की ४ वर. पण ३९९.६ ग्रॅमला ५ वर असलेला काटा ४००.४ ग्रॅमला थेट ९ वर! पुरता एक ग्रॅमही नाही, नुसती चिमूट. आणि तेवढ्यात सारा खेळ उलटतो.

‘चूक मोठी तर तोटी जास्त उघड, लहान तर कमी’ एवढेच जाणणारे साधे नियंत्रक यंत्र येथे गडबडते. आरंभी ते रेंगाळते. सातच्या जवळ आले की पलीकडे उडी मारते. मग घाईने आम्ल ओतते, आणि पाणी झोके घेत राहते. त्यात सकाळचे पाणी एका कारखान्याचे, दुपारचे दुसऱ्याचे. सौम्य आम्ले वा कार्बोनेटे मिसळली की वरचा हिशेबही बदलतो. नियम लिहावा तरी कोणता?

येथे मला माझा विषय आठवतो. दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले. पण ते वाचून कोणते मूल बोलू लागले आहे? मूल ‘मी करलं’ म्हणते, आई ‘केलं’ म्हणते, आणि शंभर वेळा चुकून जीभ वळते. न्यूरल नेटवर्क, म्हणजे मज्जातंतूंच्या नमुन्यावरचे गणिती जाळे, असेच शिकते. मागील काही मिनिटांचे पीएच, पाण्याचा वेग, ओतलेला सोडा हे आकडे त्यात जातात. प्रत्येकाला कमीअधिक वजन मिळते. बेरीज वळणदार सूत्रातून जाते आणि पुढच्या मिनिटाचा अंदाज निघतो. अंदाज चुकला की ती चूक मागे फिरवून वजने किंचित सुधारायची. ही रीत रूमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनी १९८६ साली रूढ केली. पुढे १९९० साली मूळचे मद्रासचे प्राध्यापक नरेंद्र यांनी पार्थसारथी यांच्यासह येल विद्यापीठातून अशा जाळ्याने अरेषीय यंत्रणा ओळखण्याची व आवरण्याची वाट आखून दिली. त्याच वर्षी भट आणि मॅकअव्हॉय यांनी टाकीतील पीएच कसा हलतो, हे जाळ्याला शिकवून दाखवले. असा शिकलेला नमुना हाती असला, की सोडा आधी नमुन्यात ओतून पाहता येतो; खरी तोटी नंतर.

मग सगळे त्याच्यावर सोपवून निर्धास्त व्हावे काय? नव्हे. जाळ्याने जे पाहिले तेवढेच ते जाणते. मध्यरात्री कधी न आलेले पाणी आले, तर तेही आपल्यासारखेच गोंधळेल. मात्र तोंडावर गोंधळ दिसणार नाही. म्हणून पाणी साठवून एकसारखे करणारी मोठी टाकी, तोटीला ठरलेली मर्यादा, धोक्याची घंटा आणि जागा असलेला माणूस, ही चार जुनी माणसे घरात हवीतच. जाळ्याने सल्ला द्यावा; उंबरठा त्यांनी राखावा.

आणखी एक अट आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मूल घरात जे ऐकते तेच बोलते. जाळ्याची शाळा म्हणजे केंद्राची नोंदवही. मोजणीच्या कांडीवर गाळ चढलेला असेल, किंवा आकडे वहीत बसल्या जागी भरले असतील, तर जाळे तेच खोटे मन लावून शिकेल आणि बिनचूक म्हणून दाखवील. समुद्राला मात्र वही वाचता येत नाही. त्याच्याकडे जाते ते खरे पाणी.