जिन्याचा कठडा

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतला जिना म्हणजे बहुधा सागवानी. आमच्या जिन्याचा कठडा पावसाळ्यापासून हलू लागला आणि मातुःश्रींनी शिकवणीच्या वेळी खाली येऊन बसणे बंद केले. दरबारी गवयाच्या पत्नीला गाणे माडीवरूनच ऐकावे लागावे, हे मनाला लागले. चिरंजीवांचा सल्ला एकच: ‘बाबा, काढून टाका. स्टीलचा बसवू.’

मी सुतार बोलावला. त्याने एकेक दांडा ठोकून पाहिला. भोपळ्याला गेलेली चीर तंबोरा जशी लपवीत नाही, तसे पोखरलेले लाकूडही बद्द वाजते. 22 पैकी 3 दांडे वाळवीने खाल्लेले निघाले. बाकीच्यांचे नुसते कुसू सैल. तिथे पाचरा आणि सरस यांवर भागले. नवे तीन दांडे संखेड्याच्या खरादीने (आपण कातारी म्हणतो) जुन्या नमुन्यावर कातून दिले.

रंगाचे मात्र जपावे. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. कोरडे घासल्यास धूळ पोटात जाते. आम्ही तो ओला करून खरवडला, मुलांना दूर ठेवून. मग जवसाचे तेल. कठडा 30 इंच, आजच्या मानाने ठेंगणा, म्हणून प्रत्येक दांड्याखाली ठोकळा दिला. वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेली वरची पट्टी तशीच ठेवली.

खर्च स्टीलहून जास्त आला, हे चिरंजीवांनी दोनदा ऐकवले. परवा सकाळी तोडी चालू असता मातुःश्री उतरल्या. वळणावर थांबून त्यांनी कठडा हलवून पाहिला आणि तिथूनच म्हणाल्या, ‘अरे, त्या मुलाचा गंधार चढा लागतोय.’