खिडक्यांचा पूर आणि त्याचा उगम

आजचा विषय ऐकून कित्येकांच्या मनात येईल की, असल्या गोष्टीसाठी व्याख्यान कशाला हवे? संगणक बिघडला तर दुरुस्त करणाऱ्या मुलाला बोलवावे, तो काय ते पाहील. आम्हांला मात्र तसे वाटत नाही. ज्या पडद्यावर आज आपण निवृत्तिवेतन जमा झाले की नाही हे पाहतो, विजेचे बिल भरतो, सातबाराचा उतारा काढतो आणि परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र वाचतो, त्याच पडद्यावर एके दिवशी एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा खिडक्या आपोआप उघडू लागतात. एक बंद करावी तो दोन उभ्या राहतात, आणि अखेर सारेच कोसळते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या माणसाची जी त्रेधा उडते, तिच्यावर टपून बसलेले लोक जगात आहेत. तेव्हा हा पूर कोठून येतो, आणि त्याला बांध कोठे घालावयाचा, हे समजून घेणे प्रत्येक घराच्या हिताचे आहे.

ज्या प्रोग्रॅमच्या साह्याने आपण इंटरनेटवरील पाने पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही त्यांतील परिचित नावे. ‘न्याहाळक’ असा एक गोड मराठी शब्द काही मंडळींनी सुचविला आहे. पण तो अद्याप जिभेवर रुळलेला नाही, म्हणून आम्हीही ब्राउझर असेच म्हणतो. अगदी आरंभीच्या काळात हे पान छापील पानासारखेच निमूट असे. ते आपल्या मनाने काही करीत नसे. १९९५ साली नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट नावाची एक छोटी भाषा तयार केली आणि पानाला जणू हातपाय फुटले. पान आता बेरीज करू लागले, चित्र हलवू लागले आणि ब्राउझरला हुकूमही देऊ लागले. त्या हुकुमांतच एक होता, ‘नवी खिडकी उघड’.

हा हुकूम मुळात वाईट नव्हता. परंतु १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड नावाच्या संकेतस्थळावर एक पेच उभा राहिला. एका मोटार कंपनीची जाहिरात नेमकी अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी चिडली. जाहिरात पानापासून अलग दिसावी म्हणून तेथील एथन झुकरमन यांनी ती वेगळ्या खिडकीत उघडणारा प्रोग्रॅम लिहिला. उपाय सोयीचा होता आणि जाहिरातदारांनी तो असा काही उचलून धरला की, पुढे काही वर्षे इंटरनेटवर फिरणे म्हणजे जत्रेत हात धरून ओढणाऱ्या दुकानदारांच्या रांगेतून जाण्यासारखे झाले. २०१४ साली झुकरमन यांनी एका लेखात याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. हेतू चांगला असूनही शोध लोकांच्या डोक्यावर बसतो तो असा. २००४ साली फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली, त्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचातून इंटरनेट एक्सप्लोररलाही बांध घातला गेला, आणि न मागता उघडणाऱ्या खिडक्या अडविणे ही ब्राउझरची नेहमीची कामगिरी ठरली.

मग आज २० वर्षांनंतरही हा उपद्रव का व्हावा? कारण पहारेकऱ्याचा नियम एकच आहे. माणसाने स्वतः क्लिक केले असेल तर खिडकी उघडू द्यावी, एरवी नाही. चोरांनी हा नियम नीट वाचला आहे. ते पानावर एक अदृश्य पडदा पसरतात. आपण बातमीच्या मथळ्यावर बोट ठेवतो, पण क्लिक लागते ते त्या पडद्याला, आणि पहारेकरी समजतो की घरधन्यानेच पाहुणा बोलावला. दुसरी युक्ती याहून साळसूद. ‘आपण यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ अशी सूचना येते. ते बटण दाबणे म्हणजे त्या संकेतस्थळाला आपल्या पडद्यावर वेळी-अवेळी सूचना पाठविण्याचा परवाना देणे होय. नंतर कोपऱ्यात जाहिराती उगवू लागल्या की घरात बोलबाला होतो की व्हायरस शिरला. वस्तुतः काही शिरलेले नसते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ या सदरात त्या संकेतस्थळाचे नाव सापडते. ते काढून टाकले की काम झाले.

येथवर दुसऱ्याची लबाडी झाली. परंतु खिडक्यांचा सर्वांत भयंकर पूर कित्येकदा कोणाच्याही लबाडीवाचून येतो, आणि तो प्रकार आम्हांस फार बोधप्रद वाटतो. फायरफॉक्समध्ये आढळलेले एक उदाहरण घेऊ. इंटरनेटवर पानांखेरीज नाना प्रकारच्या वस्तू येतात. कोठे पीडीएफ असते, कोठे ध्वनिफीत, कोठे ई-मेलचा पत्ता. प्रत्येक वस्तू कोणाच्या हवाली करावयाची याची एक यादी ब्राउझर जवळ बाळगतो. पहिल्यांदा तो आपल्याला विचारतो की, ही वस्तू कशाने उघडू? त्या पेटीत घाईघाईने आपण ‘फायरफॉक्स’ असे निवडले, आणि ‘यापुढे नेहमी असेच करावे’ या चौकोनात खूणही केली, असे समजा. आता पुढे काय होते ते पाहा. फायरफॉक्सला ती वस्तू स्वतः उघडता येत नाही, म्हणून तो यादी पाहतो. यादीत लिहिले आहे, फायरफॉक्सकडे द्यावी. तो नवे पान उघडून वस्तू फायरफॉक्सकडे, म्हणजे स्वतःकडेच, पाठवितो. नव्या पानालाही ती उघडता येत नाही. तेही यादी पाहते.

कचेरीतील एखाद्या कारकुनाने कागदावर ‘योग्य कार्यवाहीसाठी रवाना’ असा शेरा मारावा, आणि ज्या टेबलाकडे तो रवाना करावयाचा ते टेबल त्याचेच असावे, तशातला हा प्रकार. भेद इतकाच की, आपला कारकून दिवसातून दोनदा शेरा मारील आणि मध्ये चहा घेईल; यंत्राला चहा नाही. म्हणूनच मिनिटभरात पडदा कोऱ्या पानांनी भरून जातो. येथे व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम रात्रभर चालविला तरी काही सापडावयाचे नाही, कारण सापडण्याजोगे तेथे काही नसतेच. उपाय मात्र दोन मिनिटांचा आहे. सेटिंग्जमधील ‘जनरल’ या भागात ‘ॲप्लिकेशन्स’ नावाची ती यादी दिसते. ज्या वस्तूवर क्लिक केल्यावर पूर आला तिच्यासमोरची नोंद बदलून ‘ऑलवेज आस्क’, म्हणजे ‘दर वेळी विचार’, अशी करावी. पीडीएफची गोष्ट निराळी. ती उघडण्याची सोय फायरफॉक्समध्ये अंगचीच आहे, तेव्हा त्या नोंदीला उगाच हात लावू नये.

आता हे सारे कोसळते का, तेही थोडक्यात पाहू. प्रत्येक खिडकीला संगणकाच्या स्मृतीतील जागा लागते. ही स्मृती भरली की संगणक काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. टेबलावर जागा उरली नाही म्हणून कागद माळ्यावर टाकावे आणि दर वेळी शिडी लावून चढावे, तसे हे काम होते. शिडीच्या खेपा वाढल्या की बाण हलेनासा होतो आणि अखेर प्रोग्रॅम मान टाकतो. पूर्वी एका पानाने मान टाकली की सारा ब्राउझरच जाई. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तो पानापानांची बिऱ्हाडे वेगळी करूनच. एका खोलीतील दिवा विझला तरी चाळीत अंधार होऊ नये, ही त्यामागील कल्पना. पुढे इतरांनीही ती उचलली. परंतु चाळीला दोनशे बिऱ्हाडे आली तर पाणी कोणालाच पुरणार नाही, हे उघड आहे.

आणि येथे एक विचित्र चक्र आहे. कोसळलेला ब्राउझर पुन्हा सुरू केला की तो मोठ्या अगत्याने मघाचीच पाने परत मांडण्याची तयारी दाखवितो. ज्या पानाने घात केला तेही त्यांत असतेच! म्हणून ‘रिस्टोअर’ असे विचारले गेले तर नको म्हणावे. फायरफॉक्स लागोपाठ कोसळल्यास पानांची यादी पुढे ठेवतो. तीतील संशयिताची खूण तेवढी काढावी, बाकीची पाने सुखाने परत येतात.

पूर चालू असताना एकेक खिडकी बंद करीत बसणे व्यर्थ. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात ब्राउझरचे नाव निवडून ‘एंड टास्क’ करावे. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबले की अशीच सोय होते. मग शांतपणे चौकशीला बसावे. वैद्य नाडी पाहण्याआधी विचारतो की दुखते केव्हा, तसे येथेही विचारावे. एकाच संकेतस्थळावर गेले असता हे होते काय? तर दोष त्या संकेतस्थळाचा. तेथे जाणे सोडावे. विशिष्ट दुव्यावर क्लिक केल्यावर कोरी पाने उसळतात काय? तर वर सांगितलेली यादी तपासावी. ब्राउझर बंद असतानाही तो ठरावीक वेळाने आपण होऊन उघडतो काय? मग दोष ब्राउझरात नाहीच. फुकट म्हणून उतरवून घेतलेल्या एखाद्या प्रोग्रॅमने विंडोजच्या ‘टास्क शेड्युलर’मध्ये आपली पाळी लावून ठेवलेली असण्याचा संभव आहे. तो प्रोग्रॅम काढावा आणि विंडोजचाच सुरक्षा-तपास पूर्ण चालवावा. कोरे पत्र लिहावयास घेतले तरी तेथेही नव्या खिडक्या उघडत असतील, तर कळफलकाचे एखादे बटण अडकले आहे काय ते पाहावे. हे ऐकून हसू येईल. पण कंट्रोल आणि एन ही बटणे दाबलेली राहिली तर खिडक्यांची रांगच लागते.

यांतील काहीच नसेल तर संशय एक्स्टेन्शनवर घ्यावा. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून चिकटविलेला छोटा प्रोग्रॅम. कोणी भाषांतरासाठी घेतो, कोणी किंमती ताडण्यासाठी. चांगल्या लेखकाने लिहिलेले एक्स्टेन्शन पुढे दुसऱ्याला विकले जाते आणि नवा मालक त्यात जाहिरातींचा व्यापार घुसडतो, असेही घडले आहे. पारख सोपी आहे. फायरफॉक्सच्या ‘हेल्प’मध्ये ‘ट्रबलशूट मोड’ आहे, त्यात सारी एक्स्टेन्शने तात्पुरती थांबतात; क्रोमच्या ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत आपण मुद्दाम परवानगी दिलेली सोडून बाकीची चालत नाहीत. तेथे उपद्रव थांबला तर चोर त्यांच्यातलाच. एकेक तपासण्यापेक्षा निम्मी बंद करून पाहावे, मग उरलेल्यांतील निम्मी. १६ असली तरी ४ खेपांत नेमका गुन्हेगार हाती लागतो.

पुष्कळ लोक प्रथमच ब्राउझर काढून टाकतात आणि पुन्हा बसवितात. या उपायावर आमचा विश्वास नाही. आपल्या आवडीनिवडी, नोंदी आणि एक्स्टेन्शने ज्या फोल्डरमध्ये असतात त्याला ‘प्रोफाइल’ म्हणतात, आणि ब्राउझर काढला तरी ते सामान्यतः जागेवरच राहते. भाडेकरू तोच ठेवून घराला रंग दिला, इतकेच. क्रोममध्ये खाते जोडलेले असेल तर काढलेले एक्स्टेन्शनसुद्धा परत अवतरते. त्यापेक्षा क्रोममधील ‘रीसेट सेटिंग्ज’ किंवा फायरफॉक्समधील ‘रिफ्रेश’ वापरावे. त्यांनी जतन केलेल्या खुणा आणि पासवर्ड जात नाहीत. खोड्या मात्र जातात.

राहिला तो पैशाचा प्रश्न. २०१९ च्या मार्चमध्ये जपानमधील ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी १३ वर्षांच्या एका मुलीला समज दिल्याची बातमी गाजली होती. बंद केला की पुन्हा उगवणारा एक संदेश दाखविणाऱ्या पानाचा दुवा तिने पुढे टाकला होता. त्या पानाने कोणाचे काही नुकसान होत नव्हते, आणि एवढ्याशा थट्टेवर पोलिसांनी धावावे याचे पुष्कळांना हसू आले. परंतु हीच युक्ती भामट्यांच्या हाती पडली की थट्टा उरत नाही. खिडकी सारा पडदा व्यापते, भोंगा वाजू लागतो, ‘आपल्या संगणकात व्हायरस आहे, बँकेची माहिती चोरीस जात आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ अशी अक्षरे झळकतात, वर प्रसिद्ध कंपनीचे बोधचिन्ह. माणूस घाबरतो आणि फोन करतो. पलीकडचा गृहस्थ अतिशय नम्र असतो. तो एक प्रोग्रॅम उतरवून घ्यावयास सांगतो, आणि त्या प्रोग्रॅमद्वारे संगणकाची सूत्रे त्याच्या हाती जातात. पुढे खात्यात काय उरते ते सांगावयास नको.

एक गोष्ट पक्की ध्यानात असावी. इंटरनेटवरील पानाला आपल्या संगणकाच्या पोटात डोकावून व्हायरस पाहता येत नाही. ते पान केवळ अक्षरे दाखविते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीही नसतो, असे त्या कंपनीने स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा क्रमांक दिसला की तेथेच खोटे ओळखावे, एस्केपचे बटण काही वेळ दाबून धरावे, आणि न जमल्यास टास्क मॅनेजरने ब्राउझर बंद करावा. तेही न साधले तर संगणकाचे बटण दाबून धरून तो बंद करावा. अर्धवट लिहिलेले पत्र जाईल, पण ठेव राहील.

कोणी आधीच सूत्रे देऊन बसला असेल तर त्याला बोल लावण्यात वेळ दवडू नये. प्रथम इंटरनेट तोडावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थोपवावे आणि लगोलग १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव पहिल्या काही तासांतच अधिक असतो. पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या यंत्रावरून. ज्या संगणकावर परका हात फिरला तो जाणकाराने पूर्ण तपासून दिल्याशिवाय बँकेच्या कामास पुन्हा लावू नये.