बंदुकीचा आवाज आणि माणसाचा कान

मशीनगनचे जनक हिराम मॅक्झिम यांचे कान गोळीबाराच्या आवाजाने गेले. त्यांचेच चिरंजीव हिराम पर्सी यांना १९०९ साली सायलेन्सरचे पेटंट मिळाले! नॉर्वे-फिनलंडमधील शिकारी तो आज सर्रास वापरतात.

तो निवडावा कसा? पहिला नियम असा, की सायलेन्सरचे छिद्र गोळीहून थोडे मोठेच हवे. ७.६२ मिलिमीटर कॅलिबरच्या सायलेन्सरमधून ६.५ ची गोळी सुखरूप जाते. उलट केल्यास सायलेन्सर फुटून जिवावर बेतेल. मात्र छिद्र फार मोठे असले, तर वायू भरकन निसटतो आणि आवाज कमी घटतो. शिवाय ध्वनीहून वेगवान गोळीचा कडाका उरतोच.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. परंतु आवाजाने कान कसे जातात, हे यंत्रमागावर राबणाऱ्या माझ्या वडिलांना विचारा. मात्र जरा मोठ्याने विचारा.