लक्षात ठेवायची फक्त बाकी

शिवराज्याभिषेकाचे शके १५९६. या संख्येला सातने निःशेष भाग जातो का, असे विचारले तर आपण कागदावर भागाकार मांडू. आता अट घालू या. अंक डावीकडून एकेक ऐकू येतील, मागचा अंक पुन्हा विचारता येणार नाही, कागद मिळणार नाही आणि संख्या किती लांब आहे हेही आधी कळणार नाही. ती हजार अंकीसुद्धा असू शकेल. अशा वेळी लक्षात काय ठेवायचे?

फक्त आतापर्यंतची बाकी. उजवीकडे नवा अंक आला की आधीची संख्या दसपट होते आणि तिच्यात तो अंक मिळतो. दहाला सातने भागले की तीन उरतात. म्हणून जुन्या बाकीची तिप्पट करायची, नवा अंक मिळवायचा आणि त्यातून सात-सात वजा करत जायचे. १ ऐकला, बाकी १. मग ५: तीन नि पाच आठ, बाकी १. मग ९: तीन नि नऊ बारा, बाकी ५. शेवटी ६: पंधरा नि सहा एकवीस, बाकी शून्य. भाग गेला. शाळेतला भागाकारही हेच करतो, फक्त वर उत्तर लिहीत जातो. आपल्याला ते नकोच आहे.

बाक्या सात, म्हणून अवस्था सात. प्रत्येकीतून दहा अंकांच्या दहा वाटा. सत्तर वाटांचा हा नकाशा म्हणजे संगणकशास्त्रातले ‘फायनाइट ऑटोमॅटन’. मायकेल राबिन आणि डॅना स्कॉट यांनी १९५९ साली अशा यंत्रांवर लिहिलेल्या निबंधासाठी त्यांना १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

सातसाठी सहा अवस्थांत भागत नाही. कोणत्याही दोन बाक्या एक मानल्या, तर पुढचा एखादा अंक एकीला शून्यावर नेतो आणि दुसरीला नेत नाही. चारचे मात्र वेगळे. तिथे १ आणि ३ या बाक्या पुढे कोणताही अंक आला तरी एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे तीनच अवस्था पुरतात. काय विसरले तरी चालेल हे ओळखणे, यंत्र रचण्यातले खरे कसब मला तिथे दिसते. अर्थात मूळ संख्या ओळखणारे असे यंत्र कितीही अवस्था दिल्या तरी बनत नाही. मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी १९६६ मध्ये ते दाखवले.

आता उलट बाजूने. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो. जुन्या ग्रंथांतल्या भूतसंख्याही एककापासूनच सांगतात. त्या रीतीने १५९६ हे ‘रस-नंद-बाण-चंद्र’ होईल. असे उजवीकडून अंक आले तर प्रत्येक अंकाची स्थानकिंमतही लक्षात ठेवावी लागेल, असे वाटते. तसे नाही. जुन्या आकड्यात नवा अंक मिळवायचा, बेरजेची पाचपट करायची आणि सातने भागून बाकी ठेवायची. पाचच का? कारण तीन पाचे पंधरा, आणि पंधरातून दोनदा सात गेले की एक उरतो. म्हणजे पाचपट ही तिपटीची उलटी चाल. इथे हाती येतो तो आकडा खरी बाकी नव्हे, पण तो शून्य झाला तरच भाग जातो. अवस्था याही वेळी सातच. रस ६: तीस, उरले २. नंद ९: अकराचे पंचावन्न, उरले ६. बाण ५: पुन्हा अकरा, पुन्हा ६. चंद्र १: साताचे पस्तीस, उरले शून्य.