कार्ड बदललं, लॅपटॉप वाचला!

'नवीनच घ्या ना मॅडम' असं कुणी म्हणालं की आपण लगेच ईएमआयचं गणित मांडायला बसतो. पण थांबा! कधी कधी बिघाड पोस्टाच्या तिकिटाएवढ्या एका तुकड्यात असतो. आणि तो बदलायला लागतात एक स्क्रू ड्रायव्हर, एक रविवार आणि थोडं धाडस.

मुलाखत ऐन रंगात आली होती. स्क्रीनवर नागपूरच्या एक आर्किटेक्ट, जुने वाडे वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या. तीन आठवडे मागे लागल्यावर मिळालेली पाऊण तासाची वेळ. त्या म्हणाल्या, "खरी गंमत तर पुढेच आहे..." आणि त्यांचा चेहरा तसाच थिजला. तोंड उघडं, हात हवेत. खाली कोपऱ्यात वायफायच्या चिन्हाच्या जागी पृथ्वीचा गोल आणि त्यावर काट!

मग मी काय केलं? तुम्ही जे करता तेच. राउटर बंद केला, चालू केला. इंटरनेटवाल्याला फोन लावला. मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून धाकट्या भावाचा आवाज आला, "ताई, राउटरला कशाला बडवतेस? माझा मोबाइल मस्त चालतोय की!"

फ्रीलान्सरचं एक बरं असतं, बॉस नसतो. आणि एक वाईट असतं, आयटी डिपार्टमेंटही नसतं. ऑफिसात नेट गेलं की तुम्ही चहाला जाता. माझं नेट गेलं की माझा चहाच बंद होतो. ती मुलाखत म्हणजे ६ हजारांचं काम होतं, आणि डेडलाइन सोमवारची.

गुन्हेगार कोण?

नेट बंद पडलं की संशयित तीन. बाहेरून येणारं कनेक्शन, घरातला राउटर आणि आपला लॅपटॉप. कोण ते शोधायला इंजिनिअर लागत नाही. त्याच जागी बसून मोबाइल त्याच वायफायवर चालवून बघायचा. चालला, म्हणजे पहिले दोघे निर्दोष. मग मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाइलमधलं 'यूएसबी टेथरिंग' सुरू करायचं. आता लॅपटॉपवर नेट सुरळीत चाललं, तर विंडोज बहुधा ठीक आहे. उरलं वायफायचं कार्ड.

माझ्याकडे नेमकं हेच निघालं. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स'च्या यादीत वायफाय कार्डाचं नाव कधी दिसायचं, कधी गायब. लॅपटॉप गरम झाला की हमखास गायब. ड्रायव्हर काढून परत टाकला, विंडोज अपडेट केलं, फरक शून्य.

हा लॅपटॉप २०१९ चा. मास कॉमला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा बाबांनी घेऊन दिलेला. की-बोर्डवरची दोन अक्षरं पुसली गेलीत, पण माझ्या प्रत्येक बायलाइनचा तो साक्षीदार आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला घेऊन गेले, तर काउंटरवरच्या मुलाने तो न उघडताच निदान केलं. "वायफाय बोर्डावर असतं मॅडम. मदरबोर्ड बदलावा लागेल, १४ हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या."

तिथून बाहेर पडताना मी मनात ईएमआय मोजत होते, हे कबूल करते.

रात्री बाबांना सांगलीला फोन केला. बाबा रिटायर्ड क्लार्क, पण आयुष्यभर घरातला रेडिओ, मिक्सर, इस्त्री सगळं स्वतः उघडून बसलेले. ते एवढंच म्हणाले, "बाळा, उघडून बघितलं का कुणी? मग बोर्ड गेला हे कळलं कसं?"

प्रश्न साधा होता, पण मला तो सुचलाच नव्हता.

कार्ड नावाची चीज

थोडा फ्लॅशबॅक. लॅपटॉप आणि वायफाय ही जोडी जन्मापासूनची नाही. वायफायचं मूळ मानक १९९७ साली आलं. सुरुवातीच्या काळात बहुतेक लॅपटॉपच्या बाजूला एक खाच असायची आणि तिच्यात क्रेडिट कार्डाएवढं वायरलेस कार्ड बाहेरून सरकवायचं. 'कार्ड' हा शब्द तेव्हापासूनचा. मार्च २००३ मध्ये इंटेलने 'सेंट्रिनो' आणलं आणि लॅपटॉपच्या आतच वायफाय असणं ही हळूहळू नेहमीची गोष्ट झाली. आपल्याकडे सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त केला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा हिस्सा २०१८ मध्ये. राउटर लावायला आपल्याला कुणाचं लायसन्स लागत नाही, ते यामुळे.

बाहेरचं कार्ड आत गेलं, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते आजही वेगळंच असतं. २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब. एका छोट्या खाचेत बसवलेलं आणि एका स्क्रूने धरलेलं. ब्लूटूथसुद्धा सहसा त्याच कार्डावर. हं, काही नव्या सडपातळ लॅपटॉपमध्ये हे सगळं बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे आपला इलाज नाही. म्हणून आधी आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघायचं. माझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ चित्र होतं, कार्ड वेगळं! १४ हजारांचा बोर्ड माझ्या डोळ्यांदेखत हवेत विरघळला.

तापकीर गल्लीत

शनिवारी भावाला घेऊन तापकीर गल्ली गाठली. पुण्यात राहून इलेक्ट्रॉनिक्सचं काही हवं असेल आणि बुधवार पेठेतली ही गल्ली माहीत नसेल, तर तुम्ही पुणेकर नाही. इथे वायरीच्या तुकड्यापासून स्पीकरपर्यंत सगळं मिळतं, गाडी लावायला जागा तेवढी मिळत नाही.

दुकानदार काका माणूस चोख. पण गंमत बघा, प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं भावाला मिळत होती. "दादा, तुमच्या लॅपटॉपला एम डॉट टू कार्ड लागणार." दादा बी.कॉम.ला आहे आणि मोबाइलच्या वर नजर उचलत नव्हता. शेवटी मी विचारलं, "काका, साधं पीसीआयईचं कार्ड देताय ना? सीएनव्हीआयचं नको." काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यानंतरचं सगळं बोलणं माझ्याशी झालं.

हा प्रश्न तुम्हीही जरूर विचारा. दिसायला दोन्ही कार्डं जुळी बहिणी. पण इंटेलचं एएक्स २०१ हे सीएनव्हीआय जातीचं, म्हणजे अर्धं काम प्रोसेसरच्या बाजूला सोपवणारं. ते इंटेलच्याच ठरावीक चिपसेटवर चालतं. एएक्स २०० आणि एएक्स २१० ही पीसीआयईची कार्डं, बऱ्याच जास्त लॅपटॉपमध्ये चालणारी. मी एएक्स २१० घेतलं, १,७०० रुपयांना. काकांनी जाता जाता बजावलं, "घरी गेल्यावर आधी जुनंच कार्ड काढून परत घट्ट बसवून बघा. नुसतं हललेलं असेल तर हे परत आणा, पैसे देतो."

आता सांगा, असा दुकानदार ऑनलाइन मिळतो?

ऑपरेशन रविवार

रविवारी दुपारी डायनिंग टेबलवर जुना पांढरा टॉवेल पसरला. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला. फोनच्या स्पीकरवर बाबा. मागचे दहा स्क्रू काढून ते कागदावर काढलेल्या लॅपटॉपच्या चित्रावर जागच्या जागी ठेवले, कारण त्यांची लांबी सारखी नसते. ही बाबांची आयडिया. मग जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने झाकण उचकटलं. 'कट्ट' असा आवाज आला आणि माझा श्वास अडकला. "क्लिप सुटली असेल, घाबरू नको," सांगलीहून आवाज आला.

आत सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवायचं. नंतर धातूच्या एखाद्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. आणि कशालाही हात लावण्याआधी मोबाइलने फोटो काढायचा.

कार्डावर दोन बारीक वायरी टिचक बटणासारख्या बसवलेल्या दिसल्या. एक काळी, एक पांढरी. याच अँटेना. बहुतेक लॅपटॉपमध्ये त्या बिजागरीतून वर जाऊन स्क्रीनच्या कडेपर्यंत पोचतात. म्हणून तर बिजागरी मोडलेल्या लॅपटॉपचं वायफायही कधी कधी रुसतं. कोणती वायर कुठे हे लक्षात ठेवायचं, कारण रंगांचा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा. त्यासाठीच तो फोटो.

काकांचं ऐकून आधी जुनंच कार्ड काढून परत बसवलं. चाललं! दोन दिवस चाललं. (सोमवारची डेडलाइन संपादकांकडून शुक्रवारपर्यंत वाढवून घेतली होती, ते वेगळं.) मंगळवारी रात्री परत पृथ्वीचा गोल. म्हणजे कार्डच गेलेलं होतं. पुन्हा टॉवेल, पुन्हा बाबा.

स्क्रू काढला की कार्ड आपोआप तिरकं वर येतं. नवीन कार्ड तसंच तिरकं खाचेत सरकवायचं, खाली दाबायचं, स्क्रू लावायचा. इथवर दोन मिनिटं. वायरींनी मात्र वीस मिनिटं घाम काढला. त्यांचं टोक तिळाएवढं. बरोबर वर ठेवून बोटाने सरळ खाली दाबलं की हलकासा 'टक्' होतो. तिरका जोर दिला तर टोक चेपतं. पहिला 'टक्' झाला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की बाबा म्हणाले, "काय गं, शॉक बसला का?"

ड्रायव्हरची गंमत

लॅपटॉप सुरू झाला आणि नवं कार्ड ओळखीचंच देईना. ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर मिळतो इंटरनेटवर. इंटरनेट हवं तर कार्ड चालायला हवं. कार्ड चालायला ड्रायव्हर हवा!

या चक्रात अडकायचं नसेल तर कार्ड बदलण्याआधीच ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. मी ठेवला नव्हता. पण मोबाइलची केबल होती, तिने वेळ भागवली. पाच मिनिटांत ड्रायव्हर आला, रीस्टार्ट केलं आणि यादीत शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं एका रांगेत हजर.

मग फरक पडला का?

पडला, पण जाहिरातीतल्यासारखा नाही. जुनं कार्ड एका वेळी एकाच अँटेनावर बोलायचं, त्याची कमाल मर्यादा ४३३ मेगाबिट. नवं दोन्ही अँटेनांवर बोलतं. ते वायफाय ६ चं असलं तरी माझा राउटर आधीच्या पिढीचा, त्यामुळे जोडणी ८६७ वर थांबते. दोघांपैकी जो जुना, त्याच्या वेगाने चालायचं हा वायफायचा संसार. आणि माझा प्लॅन १०० मेगाबिटचा, त्यामुळे त्याच्या पुढे कोणतंही कार्ड मला नेऊ शकत नाही. खरा फरक असा की कोपऱ्यातल्या माझ्या टेबलावर आधी जेमतेम ३५-४० मिळायचे, आता ९० मिळतात. आणि मुख्य म्हणजे नेट मध्येच जात नाही.

गुरुवारी सकाळी आर्किटेक्ट बाईंना पुन्हा कॉल लावला. त्या हसून म्हणाल्या, "कुठे होतो आपण?" मी म्हणाले, "खरी गंमत पुढे आहे, इथे." पाऊण तासाचा दीड तास झाला. वाड्यांबद्दल त्यांचं एक म्हणणं मी लिहून घेतलं. पाडायला निघालेल्या दहातल्या निम्म्या वाड्यांचं दुखणं, त्यांच्या अनुभवात, एखाद-दुसऱ्या वाशाचं असतं, पण बघायला वर चढतंच कोण?

मी टेबलावरच्या माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपकडे पाहिलं. लेख शुक्रवारी गेला. संध्याकाळी बाबांचा फोन आला, "घरचा मिक्सर आवाज करतोय. तू येशील तेव्हा बघू या, दोघं मिळून."

कार्ड बदलण्याआधी

● लॅपटॉप वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका, कंपनीकडूनच दुरुस्त करून घ्या. ऑफिसचा असेल तर हात लावायचा विचारही नको!

● मॅन्युअलमध्ये बघा, कार्ड वेगळं आहे की सोल्डर केलेलं. काही जुनी मॉडेल्स कंपनीने मान्य केलेलंच कार्ड स्वीकारतात, तेही तपासा.

● आत अँटेनाची एकच वायर असेल तर दोन अँटेनांचं कार्ड घेऊनही पूर्ण फायदा मिळणार नाही.

● ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घ्या. एएक्स २१० ला ६४ बिटचं विंडोज १० किंवा ११ लागतं.

● राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. मध्ये जाड भिंती असतील तर २.४ चं नेटवर्क जास्त लांब पोचतं, पण सोसायटीत तिथे गर्दी फार. त्यातून मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात लुडबुड करतो.

● उघडायची हिंमत होत नसेल तर दुकानातून बसवून घ्या. फक्त समोर उभं राहून बघा. पुढच्या वेळी हिंमत होईल.